ताम्हण लावायचा की बहावा? ठाण्याच्या घोडबंदर परिसरातल्या सोसायट्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलच्या अखेरीस आमच्या गेटजवळचा जांभळ्या फुलांचा ताम्हण आणि क्लबहाउसच्या मागचा पिवळ्या फुलांचा बहावा आठ-दहा दिवसांच्या फरकाने फुलतात आणि माझा फोन वाजायला लागतो. येणारे-जाणारे फोटो काढतात, घरी जाऊन कमिटीच्या ग्रुपवर टाकतात, "आपल्याकडेही लावू या" असं ठरतं आणि जूनमध्ये नर्सरीतून टेम्पो येतो. कोणतं झाड कुठे लावायचं, हे टेम्पो दारात उभा राहिल्यावर माळीदादा ठरवतात. मग दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा फोन: "मॅडम, झाड वाळलं." बाग समितीत अकरा वर्षं काढल्यावर तेच ते प्रश्न पाठ झालेत, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते.

फुलं नसताना ही दोन झाडं ओळखायची कशी?

पानं बघा. ताम्हणाचं पान साधं, एकेकटं, वीतभर लांब आणि जरा चामड्यासारखं जाड असतं. बहाव्याचं पान संयुक्त: एका देठावर चार ते आठ जोड्या पर्णिका, आणि एकेक पर्णिका बोटभर लांब.

हिवाळ्यात तर शंकाच राहत नाही. ताम्हणाची पानं गळण्याआधी तांबूस-लालसर होतात, आपल्याकडे क्वचित दिसणारा रंग तो. फांद्यांच्या टोकांना सुपारीएवढी लाकडी बोंडं वाळून फुटलेली दिसतात. बहाव्याला त्याच दिवसांत एक ते दोन फूट लांबीच्या, दांडक्यासारख्या गोल, काळपट शेंगा लोंबत असतात. लहान मुलं त्यांच्या तलवारी करतात.

रस्त्याच्या कडेचं ते मोठ्ठं पिवळ्या फुलांचं झाड म्हणजे बहावाच ना?

बहुतेक वेळा नाही, तो सोनमोहर. पिवळा गुलमोहरही म्हणतात. त्याची फुलं फांद्यांच्या टोकांना वर तोंड करून उभी असतात, पानं गुलमोहरासारखी बारीक आणि शेंगा चपट्या तांबूस. बहाव्याचे घोस मात्र खाली लोंबतात, झुंबरासारखे, हातभर लांब. नर्सरीत "पिवळ्या फुलांचं द्या" एवढंच म्हणालात, तर सोनमोहर हातात पडण्याची शक्यता खूप. तो वाढतो झपाट्याने, होतो अवाढव्य, आणि दहा वर्षांनी तिसऱ्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन येतात.

यातलं राज्याचं फूल कोणतं?

ताम्हण. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास तो ऐन बहरात असतो. बहावा केरळचं राज्यफूल आणि थायलंडचं राष्ट्रीय फूल. एप्रिलच्या मध्यावर विषूच्या (मल्याळी नववर्षाच्या सणाच्या) आदल्या दिवशी आमच्या बी विंगमधल्या मल्याळी काकू चार घोस मागायला येतात. त्यांच्या भाषेत कणिकोन्ना. त्या वर्षी बहावा उशिरा फुलला असेल तर त्यांचा चेहरा बघवत नाही.

मुद्द्याचं सांगा. आमच्या सोसायटीत कोणता लावू?

रंगावरून ठरवू नका. छत्री घेऊन जुलैतल्या मुसळधार पावसानंतर तासाभराने आवारात फेरी मारा आणि पाणी कुठे तुंबतं ते बघा. पाणी तुंबतं तिथे ताम्हण, उतरून जातं तिथे बहावा. माझं सगळं उत्तर एवढंच आहे. पुढचं त्याचं कारण.

ताम्हण मुळात ओढ्या-नदीकाठचं झाड. कोकणात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, वहाळांच्या कडेला तो आपसूक उगवतो. पावसाळ्यात महिनाभर पाय पाण्यात राहिले तरी त्याला चालतं. बहावा डोंगरउतारावरचा. येऊरच्या जंगलात तो दगडधोंड्यांतून वर आलेला दिसेल. उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक पडली तरी तो फुलतो, पण मुळांशी पाणी साचून राहिलं की कुजतो.

आपल्या भागात दोन्ही प्रकारच्या जमिनी शेजारी शेजारी आहेत, म्हणून गोंधळ होतो. घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. डोंगराकडच्या सोसायट्यांत मुरूम आणि कातळ, खाडीकडच्यांत चिकट काळी माती आणि वर बिल्डरने ओतलेला भराव. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो, आणि डोंगरावरून खाडीकडे जाताना कंपाउंड वॉलपाशी अडतो.

आम्ही हे ठेच लागल्यावर शिकलो. पहिल्या वर्षी कुंपणाला लागून, खालच्या अंगाला तीन बहावे लावले, कारण तिथून ते रस्त्यावरून छान दिसले असते. पहिला पावसाळा कमी झाला, रोपं तरारली. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली. आम्हाला वाटलं खत कमी पडलं, म्हणून खत घातलं. सप्टेंबरात उपटलं तर मुळं काळी, आणि वास नाकाला रुमाल लावण्याजोगा. त्याच तीन खड्ड्यांत पुढच्या जूनमध्ये ताम्हण लावले, ते आज दुसऱ्या मजल्याला टेकलेत. उलटी चूकही करून झाली आहे: वरच्या अंगाला मुरमात लावलेला ताम्हण मेला नाही, पण एप्रिलमध्ये त्याच्या पानांच्या कडा करपतात आणि फुलं येतात तीही चार-दोन.

जुलैपर्यंत थांबायला वेळ नाही. आत्ता कसं कळेल?

दोन फूट खोल खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत गेलं तर बहावा बिनधास्त लावा. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसत असेल तर ताम्हण. मधलं काही असेल तर दोन्ही जगतील, मग कमिटीत मतदान घ्या. आमच्याकडे त्यावरून दीड तास सभा चालली होती.

आम्ही नवी मुंबईत, खाडीच्या अगदी जवळ आहोत. तिथे चालतील का?

वाशी, नेरूळ, सीवूड्स या भागांत बरीच जमीन भराव घालून तयार केलेली आहे. तिथे पाण्याच्या निचऱ्याशिवाय दुसरा प्रश्न येतो, तो मिठाचा. ही दोन्ही गोड्या पाण्याची झाडं. खड्डा खणताना खाली ओलसर, राखाडी, मचूळ वासाची माती लागली तर खोल जाऊच नका. दीड-दोन फूट उंच, चांगला रुंद उंचवटा करून त्यावर लावा. पावसाचं पाणी त्यातला खारटपणा खाली नेतं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी देत असाल तर आधी जिभेला लावून बघा. खारट लागलं तर झाडाला देऊ नका.

आणि अगदी खाडीला तोंड करून जागा असेल तर हट्ट सोडा. करंज, उंडी, भेंड ही किनाऱ्याचीच झाडं आहेत, त्यांना खारा वारा मानवतो. मागच्या बाजूला, इमारतीच्या आडोशाला ताम्हण लावा.

खारघरमध्ये डोंगराच्या बाजूला असाल तर हे सगळं विसरा आणि बहावा लावा.

लावायचे कधी? खड्डा किती, अंतर किती?

दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन आतपर्यंत भिजली की. म्हणजे साधारण जूनचा तिसरा आठवडा. पाच जूनला पर्यावरण दिनी फोटोसाठी लावायचं असेल तर पुढचे पंधरा दिवस पाणी घालणारा माणूस कोण, हे त्याच फोटोत दाखवा.

खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. निघालेल्या मातीतच एक-दोन घमेली शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून परत भरा. सगळी लाल माती विकत आणून भरू नका, मुळं त्या खड्ड्यातच फिरत राहतात. खालची माती चिकट असेल तर खड्ड्याची भिंत घट्ट होऊन त्याची बादली होते. म्हणून कुदळीने कडा खरवडून घ्या.

पाच-सहा फुटांचं, सरळ खोडाचं रोप घ्या. पिशवी पूर्ण फाडून काढा. हे लिहावं लागतंय, कारण मेलेल्या झाडाखालून प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी निघालेली मी बघितली आहे. मुळं गोल गुंडाळलेली असतील तर ती मोकळी करा, फार वळलेली कापली तरी चालतं. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच पुरा, खोड आणखी खाली गाडू नका.

दोन झाडांत वीस ते पंचवीस फूट, भिंतीपासून किमान दहा-बारा फूट. ड्रेनेजच्या चेंबरपासून जितकं लांब तितकं बरं.

पाणी किती द्यायचं?

पहिली दोन वर्षं दोघांनाही सारखंच: पावसाळा संपला की मेपर्यंत आठवड्यातून दोनदा, एका वेळी बादली-दीड बादली, सावकाश, आळ्यात. रोज तांब्याभर शिंपडून काही साधत नाही, मुळं वरच राहतात. आळ्यात वाळलेला पाला पसरा, पण खोडाला चिकटवू नका.

तिसऱ्या वर्षापासून वाटा वेगळ्या. ताम्हणाला मार्च ते मे आठवड्याला एक भरपूर पाणी दिलं तर फुलं टपोरी येतात. बहाव्याचं पाणी बंद करा. एसटीपीचं (सोसायटीतच शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं) पाणी उपलब्ध आहे म्हणून लॉनबरोबर बहाव्यालाही रोज पाणी दिलं की तो हिरवागार राहतो आणि फुलायचं विसरतो. उन्हाळ्यात पानं गाळून बोडका झाल्याशिवाय त्याला खरा बहर येत नाही. ज्यांना "वाळलेलं झाड" खटकतं त्यांना मी सांगते, पंधरा दिवस थांबा.

बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, हे खरं का?

गावाकडे असं मानतात आणि आपल्याकडे हिशेब जमतोही: एप्रिलच्या अखेरीस बहर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मान्सून. पण बहावा उकाडा आणि कोरड यांच्यावर फुलतो. कधी मार्चमध्येच चार घोस येतात, कधी पावसाळ्यानंतर पुन्हा येतात. त्यावरून खड्डे खणायची तारीख धरू नका.

पहिलं फूल किती वर्षांनी?

बियांपासून केलेल्या रोपाला ताम्हणात साधारण चार-पाच वर्षं लागतात, बहाव्याला त्याहून थोडी जास्त. बहावा सुरुवातीला हळू वाढतो. पहिली दोन वर्षं तो जमिनीखालचं काम करत असतो असं समजा आणि माळीदादांना ओरडू नका.

झाड मोठं झालं, तरी फुलत नाही. काय चुकतंय?

तीन शक्यता. पहिली म्हणजे ऊन. दोघांनाही दिवसाचे सहा तास थेट ऊन हवं. आपल्याकडे दोन टॉवरच्या मधल्या पट्ट्यात दुपारचे दोन तास मिळतात. तिथे झाड उंच, किडकिडीत होतं आणि उजेडाकडे झुकतं. जागा निवडतानाच हे बघायला हवं, नंतर उपाय नाही. दुसरी शक्यता म्हणजे लॉनचं खत. नत्र जास्त झालं की पानंच पानं.

तिसरी, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळणारी, म्हणजे चुकीच्या वेळी केलेली छाटणी. ताम्हणाची फुलं नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात. पावसाळ्याआधीची कामं म्हणून एप्रिलमध्ये टोकं छाटली, तर आपण कळ्याच छाटतो. त्याची छाटणी पानं गळाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत करा. बहाव्याची बहर ओसरल्यावर करा, तीही वाळकी आणि एकमेकांवर घासणारी फांदी काढण्यापुरती. त्याचा आकार थोडा विस्कटलेलाच असतो. त्याला छत्रीचा आकार देण्याच्या नादात घोस लोंबायला फांदीच उरत नाही.

स्वतःच्या आवारातल्या झाडाच्या छाटणीला परवानगी लागते का?

लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे, आणि त्यात झाड "तोडणे" या शब्दात जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही येतं. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा, फोटो जोडा, फांदीवर खूण करा. डिसेंबरात छाटायचं असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास द्या.

बहाव्यावर हिरव्या अळ्या पडल्या आहेत, सगळी पानं फस्त केली. कोणतं औषध मारू?

कोणतंच नाही. मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा. पावसाळ्यात फिकट पिवळसर-हिरवट, चपळ फुलपाखरं बहाव्याभोवती घिरट्या घालताना दिसतात. ती एमिग्रंट नावाची फुलपाखरं. त्यांच्या अळ्यांचं खाणं म्हणजे बहावा आणि त्याची भावंडं. कोवळी पालवी आली की माद्या अंडी घालतात, अळ्या आठवडाभरात फांद्या उघड्या करतात, आणि झाड पुन्हा पालवतं. मोठ्या झाडाचं काहीही बिघडत नाही. एका वर्षी आमच्या चेअरमनसाहेबांनी फवारणी करायचं ठरवलं होतं, तेव्हा मी शाळेतल्या पोरांना बरण्या घेऊन झाडाखाली बसवलं. आठ-दहा दिवसांनी बरणीतून फुलपाखरू बाहेर आल्यावर फवारणीचा विषय संपला. वर्षाच्या आतल्या रोपावर मात्र अळ्या हाताने वेचून मोठ्या झाडावर सोडा.

बहराच्या दिवसांत काळे भुंगेही दिसतील. फुलातला पराग हलवून पाडायचं काम ते करतात. घाबरू नका, त्यांना तुमच्यात रस नाही.

ताम्हणाची साल निघते आहे. रोग आहे का?

नाही. ती अशीच ढलप्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, फिकट खोड दिसतं. बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावू नका, गेरू-चुन्याचे पट्टेही नकोत.

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेत, लावता येतील?

स्लॅबवर दोन-अडीच फूट माती असेल तर दोन्ही नको. तिथे ताम्हणाच्याच कुळातलं ते झुडूप लावा, नर्सरीत क्रेप मर्टल म्हणून मिळतं. आठ-दहा फुटांत आटोपतं, छाटणीही सोसतं.

वादळी पावसात पडतील का?

दोघांचंही लाकूड कठीण आहे, गुलमोहरासारखं ठिसूळ नाही. ताम्हणाचं लाकूड पूर्वी होड्या आणि घराच्या तुळयांसाठी वापरत, पाण्यात टिकतं म्हणून. बहाव्याचं खांबांना आणि शेतीच्या अवजारांना. आपल्याकडची झाडं पडतात ती बहुधा आपल्याच करणीने: खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक, एका बाजूला केबलसाठी खणलेला चर, दुसऱ्या बाजूला कापलेली मुळं. खोडाभोवती सगळीकडून किमान एक मीटर माती उघडी ठेवा. पहिल्या दोन पावसाळ्यांत बांबूचा आधार द्या, सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा आणि नंतर ती काढायची आठवण ठेवा, नाहीतर सालीत रुतते.

शेंगा येतात, म्हणजे बहावा जमिनीत नत्र धरतो?

शेंगवर्गातला असूनही नाही. त्याच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत.

घरी बियांपासून रोप करता येईल?

बहाव्याचं, हो. वाळलेली शेंग फोडली की आत नाण्यांच्या चळतीसारखे कप्पे आणि काळा चिकट गर निघतो. बी धुऊन, एका कडेला काचकागदावर घासून, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. न घासता पेरलं तर कधी उगवेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. जंगलात हा गर माकडं, कोल्हे खातात आणि बी लांब टाकतात. आपल्याकडे ते काम काचकागदाला करावं लागतं. ताम्हणाचं बी हलकं, पंखवालं, बोंड फुटताच उडून जातं. ताजंच पेरा, भरपूर पेरा, आणि थोडी उगवली तरी समाधान माना.

औषधी उपयोग?

आयुर्वेदात बहावा म्हणजे आरग्वध, आणि त्याच्या शेंगेतला मगज सारक म्हणून प्रसिद्ध आहे. आवारातली शेंग फोडून अंदाजे घेऊ नका, प्रमाण चुकलं की दिवस संडासात जातो. लहान मुलं आणि गरोदर बायका यांनी तर अजिबातच नाही. ताम्हणाच्या पानांचा चहा फिलिपिन्समध्ये रक्तातली साखर कमी करायला घेतात, तिथे त्याला बनाबा म्हणतात. आमच्या सकाळच्या वॉकिंग ग्रुपला हे कळल्यापासून खालच्या फांद्या बोडक्या व्हायला लागल्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना त्यात भर म्हणून असा काढा घेऊ नका, साखर एकदम उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा. आणि पानं ओरबाडू नका.

पार्किंगच्या कडेला कोणता?

ताम्हण, निचरा कसाही असला तरी. वरच्या सगळ्या नियमाला हा एकच अपवाद. बहाव्याच्या शेंगा वर्षभर लटकून एखाद्या वाऱ्याच्या दिवशी बॉनेटवर धपकन पडतात, टायरखाली चिरडल्या की गराचा वास आठवडाभर जात नाही. मेमध्ये पाकळ्यांचा सडा पडतो, तो दिसतो सुंदर, पण दव पडलं की काचेला चिकटतो. आमच्याकडे एका सभासदांनी यावरून बहाव्याखालचा पार्किंग स्लॉट बदलून मागितला. तो आता माझ्याकडे आहे. गाडी पिवळी होते, वायपरने झटकते.